राजीनामा की सक्तीची सही?

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ओळखले जाते. न्यायालय हा शब्दही या गावाला परका नाही. मंदिराच्या व्यवस्थापनाचा वाद १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता, आणि सुमारे चार दशके बंद राहिलेले हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली पुन्हा उघडले. देवस्थान चाळीस वर्षे वाट पाहू शकते. नोकरी गेलेला माणूस चाळीस दिवसही पाहू शकत नाही.

याच गावात राहणाऱ्या एका शिक्षकाने मध्यंतरी आम्हांला गाठले. एका खासगी शाळेत अकरा वर्षे सेवा झालेली. एके दुपारी संस्थाचालकांनी त्यांना कार्यालयात बोलाविले, दार लोटून घेतले आणि आधीच टंकलिखित करून ठेवलेला कागद पुढे सरकविला. ‘सही करा, नाहीतर चौकशी लावू, मग जिल्ह्यात कुठेच नोकरी मिळणार नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले. दीड तासाने त्यांनी सही केली. ‘फादर, सही माझीच आहे. आता माझ्या हातात काही उरले आहे का?’ असा त्यांचा प्रश्न होता. सही करून तेव्हा नऊ दिवस झाले होते.

शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. हाच प्रश्न पुण्याच्या संगणक कंपनीत, अकोल्याच्या दुकानात, इस्पितळात आणि कारखान्यात विचारला जातो. बडतर्फ करायचे तर आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, कपात करायची तर नुकसानभरपाई मोजावी लागते. राजीनामा मात्र मालकाला फुकट पडतो. म्हणूनच तो ‘मिळविला’ जातो. त्या शिक्षकांना आम्ही जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे मांडीत आहोत.

सही आणि इच्छा

राजीनामा म्हणजे स्वतःच्या हक्काचा स्वतःहून केलेला त्याग. ‘स्वतःहून’ हा शब्द काढला की उरतो तो केवळ कागद. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने जबरदस्तीने (कलम १५) किंवा गैरवाजवी दबावाने (कलम १६) घेतलेली संमती खरी संमती मानलेली नाही. अशी संमती दिलेल्या व्यक्तीला ती नाकारण्याचा अधिकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात फार मोलाचा आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे सुपुत्र; पुढे २०२५ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले. मध्य प्रदेशातील एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी वरिष्ठांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. जुलै २०१४ मध्ये त्यांची ग्वाल्हेरहून सिधी या दूरच्या ठिकाणी बदली झाली. मुलगी बारावीला होती. काही महिन्यांची मुदत मागितली, ती नाकारली गेली, आणि त्यांनी राजीनामा दिला. तो दोनच दिवसांत स्वीकारलाही गेला. छळाचा आरोप चौकशी समितीपुढे सिद्ध झाला नाही. तरीही, असह्य परिस्थितीत दिलेला तो राजीनामा ऐच्छिक म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि त्यांना सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. मागील वेतन मात्र मिळाले नाही. जिच्यापुढे रोज पक्षकार उभे राहतात ती न्यायाधीशही दडपणाखाली सही करते, हे देशाच्या सर्वोच्च पीठाने मान्य केले. शिरपूरच्या शिक्षकाने मग स्वतःला भित्रा का म्हणावे?

दुसरा निकाल सप्टेंबर २०२४ चा, कोकण रेल्वेचा. १९९० पासून सेवेत असलेल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये तो मागे घेतला. तरीही १ जुलै २०१४ पासून त्याला कार्यमुक्त करण्यात आले. राजीनामा अंतिमतः स्वीकारला गेल्याचे कर्मचाऱ्याला कळविले गेलेले नव्हते. कार्यालयातील अंतर्गत टिपणाने स्वीकृती पूर्ण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेव्हा पहिला धडा असा की, राजीनामा दिला म्हणजे सर्व संपले असे नाही. स्वीकृतीचे पत्र हाती पडण्यापूर्वी तो लेखी मागे घ्यावा.

याची दुसरी बाजूही वाचकांपासून लपविणे योग्य होणार नाही. ‘चौकशीला सामोरे जा किंवा राजीनामा दे’ एवढे म्हटल्याने प्रत्येक वेळी सक्ती सिद्ध होतेच असे नाही. राजीनामा ऐच्छिक नव्हता हे दाखविण्याचा भार बहुधा कर्मचाऱ्यावर येतो. म्हणून आम्ही म्हणतो, चौकशीची धमकी आली तर चौकशीच मागावी. चौकशीत आरोप लेखी द्यावे लागतात, साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, बचाव मांडता येतो. निर्दोष माणसाला चौकशी ही शिक्षा नव्हे. ते त्याचे संरक्षण आहे.

शिक्षकांचा कायदा

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९७७ सालीच स्वतंत्र कायदा केला: महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम. त्याचे सातवे कलम केवळ राजीनाम्याविषयी आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी ही पद्धत आहे. वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटते. परंतु तिच्यामागचे शहाणपण पाहा. टपाल कार्यालयापर्यंत माणूस स्वतःच्या पायाने चालत जातो. वाटेत त्याला विचार करायला, पत्नीशी बोलायला, मागे फिरायला वेळ मिळतो. बंद खोलीत, चालकांच्या टेबलावर, चालकांनीच टंकलिखित केलेल्या कागदावर घेतलेली सही या पद्धतीत बसत नाही. १९८१ च्या नियमांनुसार कायम कर्मचाऱ्याने राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते, हेही लक्षात ठेवावे. त्याच दिवशी कार्यमुक्त केले असेल तर तेवढ्याने सक्ती सिद्ध होत नाही, पण ते संशयाला जागा देते.

याच नियमांप्रमाणे शिक्षकाची चौकशी तीन सदस्यांच्या समितीपुढे होते आणि त्यांपैकी एक सदस्य शिक्षकाने स्वतः निवडलेला असतो. सेवा संपुष्टात आणली गेल्यास नवव्या कलमाखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वाशीम जिल्ह्यासाठी हे न्यायाधिकरण अमरावतीस आहे. सक्तीचा राजीनामा म्हणजे दुसऱ्या नावाने केलेली सेवासमाप्तीच होय, अशी मांडणी तेथे करता येते. मुदत तीस दिवसांची. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकते. पण त्यावर विसंबून राहू नये. अपील मान्य झाल्यास पुनर्नियुक्ती व थकीत वेतन देण्याचा आदेश होऊ शकतो. पुनर्नियुक्ती द्यायची नाही असे ठरल्यास दहा वर्षे वा अधिक सेवा झालेल्यास बारा महिन्यांचे आणि त्याहून कमी सेवा झालेल्यास सहा महिन्यांचे वेतन देण्याची तरतूद आहे.

या कायद्याचे मोल गोव्याच्या एका खटल्यावरून कळते. करंझाळे येथे धर्मभगिनींच्या एका संस्थेच्या शाळेतून १९७५ साली एका शिक्षिकेला काढण्यात आले. तिने कामगार कायद्याचा आधार घेतला. तेरा वर्षांनी, १९८८ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगार’ नव्हे. तिची याचिका फेटाळली गेली. मात्र शिक्षकवर्गाला सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, त्यांच्यासाठी योग्य यंत्रणा उभारली पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. जी यंत्रणा त्या शिक्षिकेला मिळाली नाही, ती महाराष्ट्रातील शिक्षकाला १९७७ पासून उपलब्ध आहे. तिचा पत्ता मात्र अनेकांना ठाऊक नाही.

कंपनी, कारखाना, दुकान

शिरपूर, मालेगाव, रिसोड येथील तरुण शिकून बहुधा पुण्याची वाट धरतात. तेथे दडपणाची रीत वेगळी. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्र कंपनीतील एका कर्मचाऱ्याचे दूरध्वनीवरील संभाषण समाजमाध्यमांवर पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, अन्यथा काढून टाकू, असे त्याला सांगितले जात होते. देशभर गहजब झाला आणि समूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्र यांनी जाहीर माफी मागितली. २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा पुण्यातील एका कर्मचारी संघटनेने सक्तीच्या राजीनाम्यांचा आरोप करून शासनाकडे दाद मागितली. कंपनीने आरोप नाकारला.

अशा नोकरदारांना लागू होणारा कायदा नुकताच बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तांत्रिक, कारकुनी, कुशल वा अकुशल काम करणारा येथे कामगार ठरतो. व्यवस्थापकीय काम करणारा, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ठरत नाही. पदाच्या नावाला महत्त्व नाही. प्रत्यक्ष काम काय, हे पाहिले जाते. ‘मॅनेजर’ असे ओळखपत्रावर लिहिले म्हणून आपला हक्क गेला असे समजू नये.

सेवा संपुष्टात आणल्याची तक्रार कामगाराला एकट्यानेही करता येते. त्यासाठी संघटना असलीच पाहिजे असे नाही. प्रथम समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे पंचेचाळीस दिवसांत निकाल न लागल्यास न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात ती तीन वर्षे होती. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. ‘राजीनामा दिलास तरच हिशेब मिळेल’ ही धमकी म्हणूनच पोकळ आहे. पाच वर्षांची सेवा झालेल्याची ग्रॅच्युइटीही राजीनाम्याने बुडत नाही.

महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत नाही. सूडबुद्धीने काढणे, वाईट हेतूने बदली करणे हे त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदलेले आहे आणि तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची आहे. जुनी व्यवस्था जाऊन नवी येण्याच्या या काळात कोणते दार आपले, हे सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारून घ्यावे. फी परवडत नाही म्हणून थांबू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

छळ हा स्वतंत्र गुन्हा

राजीनाम्यापूर्वी बहुधा छळ येतो. काम काढून घेणे, सर्वांदेखत अपमान, रात्री-अपरात्री संदेश, अकारण बदली. छळ लैंगिक स्वरूपाचा असल्यास २०१३ चा कायदा स्त्रियांच्या मदतीला आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. जेथे दहाहून कमी माणसे आहेत तेथील स्त्रीने, आणि खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेल्या स्त्रीने, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार तीन महिन्यांत करायची. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना रजा वा बदली मागता येते. गोवा विद्यापीठाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ आणि २०२४ मध्ये या समित्या कागदावर राहू नयेत म्हणून कडक आदेश दिले आहेत.

खोलीत कोंडून ठेवणे आणि धमकावणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे १२७ व ३५१ या कलमांखाली गुन्हे आहेत. प्रत्येक प्रकरण पोलीस ठाण्यात न्यावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तसे घडले असेल तर ते लेखी तक्रारीत स्पष्ट लिहावे.

पहिले काही दिवस

आमच्याकडे येणारी माणसे बहुधा उशिरा येतात. लाज वाटते, घरी सांगवत नाही, ‘होईल काहीतरी’ म्हणून महिना जातो. न्यायालयात मात्र पहिल्या काही दिवसांतील वागणुकीकडे पाहिले जाते. ज्याने सहा महिने मौन पाळले, त्याच्या दडपणावर विश्वास ठेवणे न्यायाधीशालाही अवघड जाते.

म्हणून सही करू नये, हे पहिले. ‘मला विचार करायला वेळ हवा, घरी बोलून कळवितो,’ एवढे म्हणून उठावे. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, व्यवस्थापनाला पत्र लिहावे: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक व्यक्तींसमोर माझ्याकडून दडपणाने सही घेतली; ती मी नाकारतो; मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. हे पत्र ई-मेलने पाठवावे आणि टपालानेही. नोंदणीकृत टपालाची स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे; तेव्हा स्पीड पोस्टची पावती व पोच जपून ठेवावी. प्रत शिक्षणाधिकारी किंवा कामगार अधिकारी यांना द्यावी. दुसऱ्या दिवशी कामावर जावे. दारातून परत पाठविले तर तेही लिहून ठेवावे. मोबाइलवरील संदेश व ध्वनिमुद्रण पुसू नये. न्यायालयात ते सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र लागते आणि मूळ मोबाइलही लागू शकतो.

आपल्या संस्था

येथपर्यंत लिहून थांबणे सोयीचे झाले असते. पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत आपल्याच शाळा, वसतिगृहे आणि इस्पितळांतील माणसांच्या तक्रारीही असतात. तेथील कर्मचाऱ्याची अडचण दुहेरी असते. संस्थेविरुद्ध बोललो तर धर्मग्रामात आपल्याकडे कसे पाहतील, मुलांच्या लग्नात, घरच्या मयतीत कोण उभे राहील, ही भीती त्याला गप्प बसविते.

अल्पसंख्याक म्हणून आपल्याला संस्था चालविण्याचा घटनादत्त अधिकार आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु १९७७ च्या कायद्याने अल्पसंख्याक शाळांना दिलेली सूट मुख्याध्यापकाच्या आणि अधिसूचित केलेल्या अन्य तिघांपर्यंतच्या नेमणुकीपुरती आहे. शिक्षकाला वाटेल तसे काढण्याची मुभा तीत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर आपल्यासाठी मोठाच मोह आहे. मुख्यत्वे धर्मादाय वा सामाजिक सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्थांना तिने ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे एखाद्या धर्मादाय इस्पितळातील आया किंवा वाहनचालक यांच्यासाठी ते दार बंद होऊ शकते. कायद्याने दार लावले म्हणून आपण कडी घालावी काय?

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा याविषयी संदिग्ध नाही. कॅनन लॉच्या १८८ व्या कलमाप्रमाणे, अन्यायाने निर्माण केलेल्या गंभीर भीतीपोटी दिलेला पदाचा राजीनामा मुळातच अवैध ठरतो. १८९ वे कलम तो लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर द्यावा असे सांगते, आणि अमलात येण्यापूर्वी मागे घेण्याची मुभा देते. ही कलमे ख्रिस्तसभेतील पदांसाठी आहेत. पण जे संरक्षण आपण धर्मगुरूला देतो, ते शाळेच्या शिपायाला नाकारण्याचे कारण कोणते? १२८६ वे कलम तर थेट कारभाऱ्यांना उद्देशून आहे: नोकर नेमताना देशाचे कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळा आणि योग्य वेतन द्या. १९७१ च्या बिशपांच्या सिनडने हेच वेगळ्या शब्दांत मांडले होते. जगाला न्याय सांगू पाहणाऱ्याने आधी स्वतः न्यायी असले पाहिजे.

पोप लिओ चौदावे यांनी २०२५ साली आपले नाव निवडताना पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकाची आठवण करून दिली. त्या नावाचा मान राखायचा तर एवढे सहज करता येईल: आपल्या प्रत्येक संस्थेत राजीनामा हाती घेण्यापूर्वी कर्मचाऱ्याला किमान सात दिवस विचारासाठी द्यावेत, संस्थेबाहेरच्या एका प्रापंचिक व्यक्तीने त्याच्याशी एकांतात बोलावे आणि मगच कागद स्वीकारावा. असा राजीनामा कोणत्याही न्यायालयात टिकेल. संस्थेचेही त्यात हितच आहे.

त्या शिक्षकांनी आमच्याशी बोलणे झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्र टपालात टाकले आणि तीस दिवसांच्या आत अमरावतीस अपील दाखल केले. निकाल यायचा आहे. तो कसा लागेल हे आम्ही सांगू शकत नाही. पुराव्यात त्यांच्या बाजूला एक पत्र आहे, एक पोचपावती आहे आणि त्या दुपारी दाराबाहेर बसलेला एक शिपाई आहे. त्या शिपायालाही नोकरी आहे, घर आहे, भीती आहे. तो साक्षीला उभा राहील का, हा प्रश्न कायद्याचा नाही. तो आपणां सर्वांना विचारलेला आहे.